कान टोचल्याची गाठ कापली तरी पुन्हा येते: केलॉइड परतू नये म्हणून काय करायचं

कान टोचला, भोक बरं झालं, आणि तीन-चार महिन्यांनी मागच्या बाजूला हरभऱ्याएवढं काहीतरी टणक हाताला लागू लागलं. वर्षभरात त्याचं बोर झालं. कुणीतरी छोटं ऑपरेशन करून ते काढून दिलं, टाके निघाले, कान पूर्वीसारखा दिसला. आणि पुढच्या चार-पाच महिन्यांत त्याच जागी आधीपेक्षा मोठी गाठ आली. ही तक्रार घेऊन ओळखीतलं कुणी ना कुणी माझ्याकडे येत असतं, कारण मी यातून गेले आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी डॉक्टर नाही. पण दरवेळी तेच प्रश्न येतात आणि तीच चूक दिसते, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

माझं थोडक्यात सांगते. एकोणिसाव्या वर्षी मावसबहिणीच्या लग्नात आजीची मोत्यांची बुगडी घालायची म्हणून उजव्या कानाचा वरचा काठ टोचून घेतला. बुगडी लग्नापुरती घातली, गाठ मात्र आठ वर्षं सोबत राहिली. दोनदा कापली, दोनदा परत आली. दोन्ही वेळा टाके काढताना मला सांगण्यात आलं, "झालं, आता यायची गरज नाही." सगळं चुकलं ते या वाक्यापाशी. तिसऱ्या वेळी ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, त्यांनी कानाला हात लावायच्या आधी विचारलं, "कापल्यावर वर्षभर दर महिन्याला येणं जमेल का? जमणार नसेल तर आत्ता कापायलाच नको." त्याला आता पाच वर्षं झाली. गाठ परत आलेली नाही.

आधी नक्की काय आहे ते बघा

केलॉइड म्हणजे जखम भरून आल्यावरही वाढतच राहणारा टणक वण. पण कानावरची प्रत्येक गाठ केलॉइड नसते. टोचल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांतच भोकाच्या तोंडाशी लाल, मऊ, ओलसर, जरा धक्का लागला की रक्त येणारा कोंब दिसला, तर ती बहुधा चिडलेली जखम असते. आवळून बसवलेली फिरकी सैल केली, खोटा दागिना काढून टाकला, जागा स्वच्छ ठेवली की तो कोंब बरेचदा बसतो. कानाच्या पाळीच्या आत गोल गोळी लागते, मधूनच सुजते आणि दाबल्यावर वास येणारा पांढरा लगदा येतो, तर ती सिस्ट, म्हणजे आत लगदा साठलेली पिशवी, असू शकते. तिचा उपचार वेगळा.

केलॉइड हाताला रबरासारखा घट्ट लागतो. वरची कातडी ताणलेली, चकचकीत असते आणि तिच्यावर लव नसते. रंग सुरुवातीला लालसर-जांभळा, नंतर आजूबाजूच्या त्वचेपेक्षा गडद. आणि खाज. रात्री उशीवर कान टेकला की सुटणारी ती खाज ज्याने सोसली आहे त्याला वेगळं सांगायला नको.

याहून महत्त्वाचा फरक फुगलेला वण आणि केलॉइड यांच्यातला आहे. सिझेरियनच्या टाक्यांवर, भाजलेल्या जागी, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वण दोरीसारखा उठतो, तो पुष्कळदा साधा फुगलेला वण असतो. जखम भरल्यावर महिन्या-दोन महिन्यांत तो उठतो, सहाएक महिने वाढतो आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत हळूहळू खाली बसत जातो. मुख्य म्हणजे तो जखमेची हद्द सोडत नाही. केलॉइड ती हद्द ओलांडून चांगल्या त्वचेवर चढतो. टोचलेलं भोक असतं मिलिमीटरभराचं, गाठ होते लिंबाएवढी. तो कधी कधी जखम बरी होऊन वर्ष उलटल्यावर सुरू होतो आणि आपसूक सहसा बसत नाही. फ्रेंच डॉक्टर आलिबेर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला नाव दिलं, ते खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून. छातीवरच्या केलॉइडच्या कडांना फुटलेले फाटे पाहिले की ते नाव पटतं.

तुमचा वण यातला कोणता, हे कळत नसेल तर दर महिन्याच्या एक तारखेला त्याच खिडकीपाशी, शेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढा. तीन फोटो शेजारी ठेवले की वण हद्दीत आहे की बाहेर पडतोय ते तुम्हालाही कळेल आणि डॉक्टरांनाही.

केलॉइड हा कर्करोग नाही. पण केलॉइडसारखीच दिसणारी एक दुर्मीळ कर्करोगाची गाठ त्वचेत होऊ शकते. म्हणून जिथे जखम, फोड, टोचणं काही झाल्याचं आठवतच नाही, खाज नाही आणि तरी गाठ वाढते आहे, किंवा गाठीवरची कातडी फुटून रक्त येतं आहे, तिथे तुकडा काढून तपासायचा का, हे स्वतःहून विचारा.

परत का येते

जखम भरताना त्वचेतल्या काही पेशी कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे विणून भगदाड बुजवतात. काम झालं की विणकाम मंदावतं, जादा धागे मोडले जातात, उरलेले नीट रचले जातात. केलॉइडमध्ये हा थांबा मिळत नाही. खाली दाह धुमसत राहतो आणि पेशी विणतच राहतात. अशा त्वचेवर सुरी चालवणं म्हणजे तिला पहिल्या भोकापेक्षा कितीतरी मोठी नवी जखम देणं. नुसती कापून सोडून दिलेली गाठ परत येण्याचं प्रमाण वैद्यकीय ग्रंथांत ४५ ते १०० टक्के दिलेलं असतं. दर दोघांतल्या जवळपास एकाला तरी ती परत येणार, हे गृहीत धरूनच चालायला हवं. यात तुमचं पथ्य चुकलेलं नसतं आणि टाके घालणाऱ्याचा हातही वाईट नसतो. पुढचा उपचार झालेला नसतो.

पथ्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. मला घरी दोन वर्षं वांगं खाऊ दिलं नव्हतं. वांगं, तूरडाळ, आंबट यांचा केलॉइडशी संबंध नाही. रक्त खराब झाल्याने तो होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. त्वचेची जात तशी असते, आणि ती बरेचदा घराण्यात चालते. गडद वर्णाच्या लोकांत तो जास्त दिसतो, १० ते ३० या वयात जास्त होतो, आणि वयात येताना किंवा गरोदरपणी एकदम वाढू शकतो.

जागेचाही मोठा भाग आहे. छातीचा मध्य, खांदे, पाठीचा वरचा भाग, जबड्याची कड आणि कान या त्याच्या ठरलेल्या जागा. पापणीवर, तळहातावर, तळपायावर तो जवळजवळ दिसतच नाही. जपानचे प्लास्टिक सर्जन रेई ओगावा यांनी याचा संबंध त्वचेवरच्या ताणाशी लावला आहे. हात वर केला की छातीची कातडी आडवी ओढली जाते, दिवसभरात शेकडो वेळा, म्हणून तिथला केलॉइड आडवा पसरतो. मिटलेल्या पापणीवर असा ताण येत नाही. कानाच्या पाळीचं तसं नाही. तिथे दागिना घालणं-काढणं, त्याचं वजन आणि भोक पुन्हा पुन्हा चिघळणं हेच निमित्त पुरतं.

"इंजेक्शनं घेतली, काही फरक नाही"

गाठ लहान असेल तर पुष्कळदा कापायची वेळच येत नाही. ट्रायमसिनोलोन नावाचं स्टेरॉइड थेट गाठीत देतात, मिलीलिटरला १० ते ४० मिलीग्रॅम या ताकदीचं, तीन ते सहा आठवड्यांच्या अंतराने. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो, तिथे हा नेहमीचा उपचार आहे.

तो फसतो याचं पहिलं कारण म्हणजे दोन इंजेक्शनांनंतर येणं बंद करणं. माझ्या पहिल्या इंजेक्शनच्या वेळी काय झालं ते सांगते, म्हणजे असं का होतं ते लक्षात येईल. बाईंनी एक मिलीची बारीक सिरिंज घेतली, सुई नुसती खोचलेली नव्हती, आट्यांवर फिरवून घट्ट बसवलेली होती. का, ते पुढच्या क्षणी कळलं. सुई गाठीत गेली आणि दट्ट्या हलेचना. त्यांचा अंगठा पांढरा पडला इतका जोर लागत होता. साधी सुई असती तर त्या दाबाने निसटली असती. गाठीचा एक कोपरा कसाबसा पांढरा पडला, तेवढंच औषध आत गेलं. दुखलं, भरपूर दुखलं. दुसऱ्या वेळीही जवळपास तेच. तिसऱ्या वेळी मात्र दट्ट्या सरकला आणि गाठीचा अर्धा भाग एका दमात पांढरा झाला. आतली वीण सैल झाली होती. खाज दुसऱ्या इंजेक्शनलाच थांबली होती. आधी खाज जाते, मग टणकपणा, मग उंची. जे दुसऱ्यानंतर थांबतात ते खऱ्या फरकाच्या उंबरठ्यावरून माघारी जातात.

दुखणं कमी करायला आधी बर्फ किंवा बधिर करणारं मलम लावतात, औषधात भूल मिसळतात. फार घट्ट गाठ आधी द्रव नायट्रोजनने गोठवतात. तो उणे १९६ अंशांचा असतो. गोठवून थोडा वेळ थांबलं की गाठ सुजून आतून सैल होते आणि औषध सहज जातं. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर गोठवल्याने पांढरा डाग राहू शकतो, हे आधी विचारून घ्या. कानामागे तो चालतो, गालावर विचार करावा लागतो.

दुसरं कारण औषध चुकीच्या थरात जाणं. गाठीऐवजी खालच्या चरबीत गेलं की गाठ तशीच राहते आणि शेजारी खड्डा पडतो. कातडी पातळ होऊन लाल रेषा दिसणं, रंग उडणं हेही होतं. रंग बरेचदा काही महिन्यांत परततो. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढू शकते, आणि बायकांची पाळी मागेपुढे होऊ शकते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, एक महिना मी विनाकारण घाबरून काढला.

तीन-चार वेळा नीट देऊनही गाठ हलली नाही, तर त्यात ५-फ्लुओरोयुरासिल हे औषध मिसळून देतात. मूळचं कर्करोगावरचं औषध आहे म्हणून नाव ऐकून धसका घेऊ नका. गाठीत फार थोडं देतात आणि ते पेशींचं वाढणं रोखतं. गरोदर असाल, दिवस राहण्याची शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर मात्र स्पष्ट सांगा. तेव्हा ते देत नाहीत.

कापायचीच असेल तर आधी वर्षाचा हिशोब करा

मोठी, देठाला लोंबणारी कानाची गाठ इंजेक्शनने सपाट होत नाही, ती कापावीच लागते. पण तारीख घेण्याआधी समोरच्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "कापल्यानंतर परत येऊ नये म्हणून काय करणार?" उत्तरात इंजेक्शनं, दाब, सिलिकॉन किंवा किरणोपचार यांतलं काहीच आलं नाही, तर दुसरीकडे दाखवा. हे मी अगदी ठामपणे सांगते.

माझ्या वेळी असं ठरलं होतं. कापतानाच कडांमध्ये एक इंजेक्शन. टाके निघाल्यावर महिन्याला एक, अशी पाच, गाठ नसताना. जखम पूर्ण मिटल्यावर लगेच दाबाची क्लिप. गाठ नसताना सपाट कानात सुई टोचून घ्यायला मन तयार होत नाही, हे खरं आहे. तिसऱ्या महिन्यात मी बाईंना म्हटलं, "आता तर काही नाहीये." त्या म्हणाल्या, "म्हणूनच देतेय."

वारंवार परतणाऱ्या, मोठ्या केलॉइडसाठी कापल्यावर एक-दोन दिवसांच्या आत किरणोपचार सुरू करतात, थोड्याच बैठकांत संपतात. परतण्याचं प्रमाण त्याने बरंच खाली येतं. मुलांना आणि गरोदर बाईला तो देत नाहीत, आणि गळ्याजवळ किंवा स्तनाजवळ फार विचार करून देतात. हा निर्णय कापल्यानंतर घेऊन उपयोग नाही, कारण तोवर वेळ निघून जाते. ऑपरेशनची आणि किरणांची तारीख एकत्रच ठरवावी लागते.

सिलिकॉन, टेप, क्लिप: वापरले आणि "चाललं नाही"

विचारलं तर कळतं की रात्री दोन तास लावलं, तेही महिनाभर. सिलिकॉनची पट्टी दिवसाचे किमान १२ तास, शक्य तर त्याहून जास्त, आणि निदान तीन महिने लावायची असते. जखम उघडी असताना लावायची नाही, खपली पडून कातडी मिटल्यावर. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती घामाने सुटते आणि खाली पुरळ येतं. तेव्हा दिवसातून दोनदा पट्टी साध्या साबणाने धुवा, त्वचा कोरडी करा, अर्धा तास उघडी ठेवा, मग लावा. तरी पुरळ राहिलं तर जेल घ्या, दिवसातून दोनदा पातळ थर. ट्यूब महाग पडते म्हणून लोक सोडतात. त्यांनी औषधाच्या दुकानात मिळणारी साधी कागदी टेप वणावर तीन महिने चिकटवून ठेवावी. तिच्याने ताण कमी होतो, आणि सिझेरियनसारख्या ताज्या वणासाठी ती चांगलं काम करते. जुन्या घट्ट केलॉइडला टेप किंवा सिलिकॉन एकटं पुरत नाही, ही अपेक्षाच ठेवू नका.

कानाची क्लिप दोन चकत्यांची असते. ती इतकी घट्ट हवी की दाब जाणवावा, इतकी नको की कान दुखावा. काढल्यावर कातडी पांढरीफटक दिसली किंवा तिथे चरा पडला तर सैल करा, नाहीतर दाबाने नवीन जखम होईल. मी सहा महिने रात्रंदिवस आणि पुढे सहा महिने रात्री लावली.

व्हिटॅमिन ईच्या गोळ्या फोडून तेल चोळणं फार चालतं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याने वण सुधारला नाही, उलट जवळपास एक तृतीयांश लोकांना पुरळ आलं. कांद्याच्या अर्काच्या मलमाचाही केलॉइडवर भरवशाचा गुण दिसलेला नाही.

बिब्बा, चुना, दोरा: कृपा करून नको

हे मी कळकळीने लिहिते आहे. गावाकडे अजून गाठीवर बिब्बा लावतात. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं, फोड येतात, आणि ज्या त्वचेला टाचणीची जखम सोसत नाही तिथे हे भाजणं होतं. माझ्या ओळखीच्या एका मुलीच्या खांद्यावर लस टोचलेल्या जागी बोटाच्या पेराएवढा केलॉइड होता. बिब्बा लावल्यावर वर्षभरात तो तळहाताएवढा झाला, आणि तेल ओघळलं होतं त्या रेषेवर दंडापर्यंत दुसरा. चुना, चामखीळ जाळायचं औषध, घोड्याच्या केसाने किंवा दोऱ्याने आवळणं, डाग देणं, सगळ्यांची गत तीच. पार्लरमधलं जाळून काढणंही यातच आलं.

छातीवरच्या केलॉइडचं मूळ बहुतेक वेळा पिंपल असतो. तिथे एका गाठीवर उपचार चालू असताना शेजारी नवा पिंपल फुटतो आणि नवी गाठ तयार होते, मग वाटतं उपचार लागू पडत नाही. अशा वेळी पिंपलचा उपचार बरोबरीने हवा, छातीचे केस वस्तऱ्याने काढणं थांबवायला हवं. छातीवरचा केलॉइड कापायला मी कुणाला सुचवणार नाही. तिथला ताण कानापेक्षा फार जास्त. बायपासच्या जखमेवर आलेला असेल तर खाज आणि ओढ थांबणं हेच पहिलं ध्येय ठेवा, आणि ते इंजेक्शनने बहुतेकांना मिळतं.

घरात कुणाला केलॉइड असेल तर मुलांचे कान कधी टोचायचे, हाही प्रश्न येतो. २००५ मधल्या एका अमेरिकी पाहणीत ११ वर्षांनंतर टोचलेल्यांत केलॉइड जास्त आढळला, त्याआधी टोचलेल्यांत कमी. बारशाच्या सुमारास कान टोचायची आपली रीत यात बसते. माझ्या भाचीच्या पाळ्या बाळपणीच टोचल्या. बुगडीचं भोक, भिकबाळी, नाकात दुसरी चमकी, टॅटू हे तिने मोठेपणी टाळावं, असं तिच्या आईला सांगून ठेवलं आहे.

उपचार संपल्यावर दोन वर्षं दर महिन्याला आरशात बघा आणि बोटाने चाचपा. इंजेक्शनने बसलेला केलॉइडही काही जणांत परत फुगतो. डोळ्याला काही दिसायच्या आधी बरेचदा त्या जागी रात्रीची खाज सुरू होते, मग कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढं घट्ट लागतं. तेवढ्यावर गेलात तर एक-दोन इंजेक्शनांत भागतं. माझ्या कानात दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात अशी खाज उठली होती, मी त्याच आठवड्यात जाऊन आले, दोन इंजेक्शनं झाली आणि तो दाणा जिरला.